अंजिराची बरणी

थप्प.

भिंतीपलीकडून वर्तमानपत्राचं पुडकं आलं आणि माझ्या खुर्चीपासून हातभर अंतरावर पडलं. नेम चांगला होता. रोजच्या सवयीनं माणसाचा हात बसतो.

"आलं बघा तुमचं टपाल," शालन म्हणाली. ती पायरीवर मेथी निवडत बसली होती आणि तिनं मान वर करण्याचीही तसदी घेतली नाही.

मी पुडकं उघडलं नाही. आत काय आहे ते मला ठाऊक होतं. आमच्या परसातल्या अंजिराच्या निम्म्या फांद्या भिंतीवरून दादाच्या अंगणात गेल्या होत्या. त्या फांद्यांवरची अंजिरं पिकून गळायची, फुटायची, त्यांना मुंग्या लागायच्या. दादा रोज संध्याकाळी ती झाडून गोळा करायचा, कागदात गुंडाळायचा, वर सुतळीची गाठ मारायचा आणि भिंतीवरून माझ्याकडे परत करायचा. एकही अंजीर त्यानं कधी तोंडात टाकलं नाही. हंगाम संपेपर्यंत आम्हा दोघा सख्ख्या भावांमधलं दळणवळण काय ते एवढंच.

हे का, ते सांगायला हवं. सांगताना माझी शोभा होणार आहे, पण आता या वयात शोभेला काही अर्थ राहिलेला नाही.

मी मोजणी खात्यात सर्वेअर होतो. सासवडच्या आसपासच्या कितीतरी शेतांच्या हद्दी मी कायम केल्या. लोक भांडायचे, रडायचे, मला चहा पाजायचे, शिव्या द्यायचे, पण माझा दगड मी जिथं रोवला तिथून हलला नाही. या गोष्टीचा मला फार अभिमान होता. दादा एसटीत वाहतूक नियंत्रक. स्टँडवरच्या कर्ण्यातून त्याचा आवाज निम्म्या गावाला ऐकू यायचा. कर्णा बिघडला की तो नुसत्या तोंडानं पुकारायचा, तेव्हा उरलेल्या गावालाही ऐकू यायचा.

आई गेल्यावर आम्ही वाटणी केली. ती एवढी गोडीगुलाबीनं झाली की नातेवाइकांची निराशा झाली. भांडीकुंडी, पाटावरवंटा, आईच्या लोणच्याच्या दोन जुळ्या चिनी मातीच्या बरण्या, सगळं समान. मग मध्ये भिंत घालायची ठरली. मोजणी कोण करणार? घरात सर्वेअर असताना बाहेरून कोण आणणार! मी फीत धरली, दोरी ताणली, चुना टाकला. चुन्याची रेघ अंजिराच्या खोडाला घासून गेली आणि अख्खं खोड माझ्या बाजूला आलं.

दादा कमरेवर हात ठेवून बघत उभा होता. म्हणाला, "मुकुंदा, इथं भिंतीला जरा वळसा घे. झाडापाशी मोकळं सोड. झाड दोघांचं राहू दे."

त्यावर "बरं दादा" एवढं म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? पण समोर गवंडी उभा होता, दोन मजूर उभे होते, आणि माझ्या हातात खात्याची फीत होती. मी म्हणालो, "हद्दीला वळसा नसतो."

दादानं कमरेवरचे हात काढले. मग म्हणाला, "असं काय? मग तुझं झाड तुला लखलाभ. यातलं एक अंजीर मी तोंडात घातलं तर नाव भालचंद्र नाही."

तो बोलायचा थांबला तो थांबलाच. अख्ख्या तालुक्याशी घसा फोडून बोललेला माणूस, पण माझ्याशी चकार शब्द नाही. मीही त्याचाच भाऊ, मी काय मागे हटतो! सुरुवातीला वाटलं, दिवाळीपर्यंत निवळेल. मग वाटलं, पुढच्या दिवाळीपर्यंत. तशा आठ-नऊ दिवाळ्या गेल्या. बायकांनी मात्र आमचं भांडण पहिल्या दिवसापासून मनावर घेतलं नाही. शालन आणि वहिनी मागच्या दारानं एकमेकींकडे जात, विरजण नेत, पापड लाटत. आम्हा दोघांना त्या पोरासोरांत मोजत असाव्यात.

तर त्या संध्याकाळी पुडकं पडल्यावर शालन मेथीची जुडी बाजूला ठेवून म्हणाली, "आता थोडेच दिवस राहिलेत तुमच्या टपालाचे. दादा-जाऊबाई निघाले बंगलोरला. निशिकांतकडे."

निशिकांत म्हणजे दादाचा मुलगा. "येतील महिन्याभरात परत," मी म्हणालो.

"कायमचे निघालेत. घराला कुलूप लावणार. सामानाचा टेम्पोसुद्धा ठरलाय. येत्या रविवारी."

"जाईनात. मला काय!" मी म्हणालो आणि कप उचलून चहाचा घोट घेतला. कप मघाशीच रिकामा झाला होता. शालननं ते पाहिलं आणि मेथी पुन्हा पुढ्यात ओढली.

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. भिंतीपलीकडे दादा आहे, हे मी इतकं धरून चाललो होतो की तो तिथं नसेल हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. न बोलण्यासाठीसुद्धा माणूस समोर लागतो. तो न बोलताच गेला, तर पुढं कधी बोलणार? दादानं सत्तरी गाठली होती आणि मीही काही लहान राहिलो नव्हतो. जाण्याआधी त्यानं माझ्याशी बोलावं, निदान एक शिवी द्यावी, एवढंच मला हवं होतं. फक्त सुरुवात त्यानं करायला हवी होती. एवढी छोटीशी अट माझी होती, आणि ती सोडायला मी तयार नव्हतो.

सकाळी परसात दात घासताना मला युक्ती सुचली. ती इतकी भारी वाटली की मी चूळ भरायचा विसरलो.

आमच्या घरात आईचा एक दंडक होता. कुणाचं भांडं रिकामं परत करायचं नाही. शेजारणीनं वाटीभर कढी दिली तर वाटी परत जाताना तिच्यात काहीतरी हवंच, काही नसलं तर चिमूटभर साखर. सगळ्या घरांत असतं तसंच, पण आई त्या बाबतीत फार कडक होती. लहानपणी दादानं एकदा रिकामा डबा परत नेला म्हणून तिनं त्याला उन्हात पुन्हा साखर घेऊन पिटाळलं होतं. म्हणजे मी दादाकडे काही पाठवलं आणि ते आईच्या बरणीत पाठवलं, तर दादा ती बरणी घेऊन बंगलोरला जाऊ शकत नाही. वाटणीतली माझी वस्तू तो ठेवून घ्यायचा नाही. ती परत करायची, म्हणजे भरून करायची, आणि भरलेली बरणी काही वर्तमानपत्रात गुंडाळून भिंतीवरून फेकता येत नाही. त्याला यावंच लागेल. आला की बोलावं लागेल. सुरुवात त्याची होईल, आणि माझी अट शाबूत राहील.

पाठवायचं काय, हा प्रश्नच नव्हता. अंजिरासाठी दादा जीव टाकायचा. पण पिकलं अंजीर सकाळी तोडलं तर संध्याकाळी त्याला पाणी सुटतं, ते बंगलोरच्या प्रवासात काय टिकणार? त्याचा जॅमच करायला हवा. आई करायची तसा.

"शालन, जॅम कसा करतात?" मी विचारलं.

तिनं मला खालून वरपर्यंत न्याहाळलं. "कुणासाठी?"

"असाच. अंजिरं वाया चाललीत."

"अंजिरं आज वाया चाललीत होय? बरं. करा. मी हात लावणार नाही."

"का?"

"भांडताना मला विचारलं होतं? मग आता तुमचं तुम्हीच निस्तरा." एवढं बोलून ती हसली आणि आत गेली. तिला सगळं कळलं होतं. तिला नेहमीच सगळं माझ्याआधी कळतं, ही आमच्या संसारातली माझी मुख्य तक्रार आहे.

मी शिडी लावली आणि झाडावर चढलो. पिकलेलं अंजीर देठाशी मान टाकतं, सालीवर भेगा पडतात, ते हात लावताच निघतं. हे मला पुस्तकातल्यासारखं माहीत होतं. पण पिकलेली अंजिरं निम्मी बुलबुलांनी फोडलेली, म्हणून मी भर घालायला अर्धी कच्चीही ओढून काढली. कच्च्या अंजिराच्या देठातून पांढरा चीक येतो. तो माझ्या बोटांवरून मनगटावर गेला, मनगटानं मी घाम पुसला, मग एक अंजीर चाखून बघितलं. खाली उतरेपर्यंत हात, कपाळ आणि ओठ एकदम खाजायला लागले. आरशात बघितलं तर वरचा ओठ असा सुजला होता की गांधीलमाशी चावल्याचं कुणीही म्हटलं असतं. त्या ओठानं दादाशी बोलायची वेळ आज आली नाही, हे एका परीनं बरंच झालं.

"खोबरेल लावा," आतून शालनचा आवाज आला. हात लावणार नाही म्हणाली होती, तोंड लावणार नाही असं म्हणाली नव्हती.

अंजिरं धुतली, देठं काढली, चिरली, कढईत घातली, साखर घातली, लिंबू पिळलं आणि मंद आचेवर लाकडी उलथन्यानं घोटायला लागलो. घरभर वास सुटला. तो वास आईचा होता. मला एकदम चड्डीतला दादा दिसला, कढई खरवडायला मिळावी म्हणून चुलीपाशी ताटकळलेला, आणि त्याच्या मागं मी. कढईची एक बाजू त्याची, एक माझी. डोळ्यांत पाणी आलं. हात चिकाचा होता, त्यानंच डोळे पुसले, आणि पुढचा पाऊण तास दुसऱ्याच कारणानं रडलो.

"झाला हे कसं ओळखायचं?" मी डोळे मिटून विचारलं.

शालन दारात उभी होती. "ताटलीत थेंब टाका आणि ताटली जराशी कलती करा. थेंब सावकाश सरकला की झाला."

"सावकाश म्हणजे किती?"

"सावकाश म्हणजे सावकाश."

आता मला सांगा, ज्यानं उभी हयात 'साधारण' या शब्दाशी वैर धरलं, त्यानं हे कसं ऐकून घ्यावं? मी थेंब टाकला, ताटली कलती केली. थेंब सरकला. बंगलोर किती लांब, रस्ते कसे, टेम्पो किती हलणार! सरकणारा जॅम झाकणातून बाहेर येणार. तो जागचा हलताच कामा नये. मी आणखी घोटला. पुन्हा थेंब, पुन्हा ताटली. आता थेंब जरासाच सरकला, पण सरकला. मी आणखी घोटला. उलथनं जड व्हायला लागलं, खांदा भरून आला, आणि जॅमचा रंग जांभळ्यावरून काळ्यावर गेला. शेवटी माझ्या जुन्या पिशवीतला ओळंबा काढला, दोरी सोडली आणि ताटली अगदी ओळंब्याला धरून उभी केली. थेंब तसूभर हलला नाही.

"झाला," मी म्हणालो.

शालननं कढईत डोकावून बघितलं. तिनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मी त्याला कौतुक समजलो.

आईची बरणी मी काठोकाठ भरली, तोंडाला स्वच्छ फडकं बांधलं आणि संध्याकाळी दादाची झाडण्याची वेळ साधून भिंतीवर ठेवली. मग झाडाआड उभा राहिलो. पलीकडे झाडू थांबला. मग झाडू पुन्हा सुरू झाला, पुडकं आलं, थप्प, आणि दार लागलं. बरणी भिंतीवर तशीच राहिली.

त्या रात्री मी दोनदा उठून खिडकीतून बघितलं. बरणी होती. सकाळी बघितलं तर नव्हती. मांजरानं पाडली नाही ना, म्हणून मी स्टुलावर चढून भिंतीपलीकडे चोरून बघितलं. खापऱ्या नव्हत्या. दादानं नेली होती. मी शीळ वाजवत आत आलो.

"आता येईल बघ तो," मी शालनला म्हणालो.

तो आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्याही नाही. आवाज मात्र यायला लागले. भिंतीपलीकडून टक, टक, टक. थोडा वेळ थांबायचं, मग पुन्हा टक, टक. हातोडीचा आवाज. खोकी ठोकत असणार, दुसरं काय! सामानाची बांधाबांध. तो प्रत्येक टक माझ्या छातीत वाजत होता. एवढी खोकी? सगळंच घेऊन चालला की काय हा? परत येण्यासारखं मागं काहीच ठेवणार नव्हता तर. जेवताना टक, वामकुक्षीला टक. पुडकीही बंद झाली. मला त्या पुडक्यांची इतकी सवय झाली होती की संध्याकाळी मी खुर्ची टाकून उगीच वाट बघत बसायचो.

"जरा जाऊन बघून ये ना वहिनींकडे," मी शालनला म्हणालो. "किती सामान बांधलंय ते."

"बघून आले," ती म्हणाली. "काम जोरात चाललंय." आणि पदर तोंडाला लावून आत पळाली. मला वाटलं, तिलाही रडू आलं.

रविवार उजाडला. मी इस्त्रीचा सदरा घातला आणि झाडाला पाणी घालत बसलो. इतकं घातलं की आळं फुटून माझ्याच चपला भिजल्या. टेम्पो आला. हमालांचे आवाज आले, कपाट हलवल्याचे, पलंग सोडल्याचे. बरणी आली नाही. मला वाटलं, संपलं. बरणीसकट चालला हा. आईचा दंडकसुद्धा मोडून चालला, एवढा माझ्यावर राग. नळ बंद करायचंही मला सुचेना.

तेवढ्यात पुढच्या दाराची कडी वाजली. मागच्या नाही, पुढच्या. शालननं दार उघडलं आणि बाजूला झाली. दादा घरातून सरळ परसात आला. तो चालताना थोडा वाकला होता, हे भिंतीआडून कधी कळलं नव्हतं. त्याच्या हातात आईची बरणी होती. तोंडाला माझंच फडकं, धुऊन, घडी मोडून बांधलेलं.

त्यानं बरणी माझ्या हातात दिली. हातात घेताच मला कळलं. ती हलकी होती. तरी मी फडकं सोडलं, झाकण काढलं. आत घासूनपुसून लख्ख. साखरेचा दाणाही नाही.

मला काय झालं ते सांगता येत नाही. एवढ्या वर्षांच्या अबोल्यानं झालं नाही ते त्या रिकाम्या बरणीनं झालं. सगळी अट, सगळी युक्ती विसरून मीच आधी बोललो, आणि तेही ओरडून. "दादा, रिकामी? आपल्या घरात भांडं रिकामं परत करत नाहीत. आईनं काय शिकवलं होतं?"

"आरं, आईनं तुझ्या आधी मला शिकवलं, मी थोरला हाय," दादा गरजला. परसातले बुलबुल उडाले. स्टँडवरचा आवाज जसाच्या तसा होता. "परत कोण करतंय? भरायला आणलीय!"

"भरायला?"

"मग? माल काय पाठवला होतास तू? जॅम म्हनं! चमचा घातला, चमचा वाकला. पेचकस घातला, हातोडी घेतली. पाच दिस फोडतोय. खडीच्या कामावर लावल्यासारखा बसलो व्हतो वट्ट्यावर!"

"म्हणजे ते टक टक..."

"तुझा जॅम!"

मी शालनकडे बघितलं. ती पदरात तोंड खुपसून उभी होती आणि तिचे खांदे हलत होते. रडत नव्हती, त्या दिवशीही नव्हती.

"तुला माहीत होतं?" मी म्हणालो.

"जाऊबाई पहिल्या दिवसापासून सांगत होत्या, बरणी गरम पाण्यात ठेवा. ऐकलं का यांनी?" ती कशीबशी म्हणाली. "तुमचंच रक्त."

"मग टाकून द्यायचा," मी दादाला म्हणालो. माझा आवाज मलाच बारीक वाटला.

"टाकतोय कशाला? खाल्ला," दादा म्हणाला. "गोळीवानी चघळला. एक दाढ हललीय, हे बघ." आणि त्यानं खरोखर तोंड उघडून दाखवलं. मग तोंड मिटून, जरा खाली बघून म्हणाला, "वास आईच्या कढईचा येत व्हता. म्हणून टाकवेना."

माझ्या चपलांतून पाणी वाहत होतं. दादानं पुढं होऊन नळ बंद केला.

"टेम्पो जाईल पुढं," तो म्हणाला. "आमची गाडी रातची हाय. झाडावर माल हाय का अजून?"

अंजिरं होती. या वेळी शिडी मी धरली आणि चढायला दादा निघाला, पण वहिनी भिंतीपलीकडून ओरडल्या तेव्हा उतरला आणि शिडी त्यानं धरली. पिकलेली तेवढीच तोडायची, हे खालून तो प्रत्येक फांदीला पुकारून सांगत होता. स्टँडवरच्या फलाटापर्यंत ऐकू गेलं असेल. मी टोपली खाली दिली. वरचंच एक अंजीर पिकून फुटायला आलं होतं. दादानं ते उचललं, तळहातावर धरलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "खाऊ?"

मी मान हलवली. पण तो माझ्याकडे बघत नव्हता म्हणून त्याला दिसलं नाही, आणि मला पुन्हा बोलावं लागलं. "खा दादा. झाड दोघांचंय."

त्यानं ते अख्खं तोंडात टाकलं आणि डोळे मिटले. जॅमनं निम्मं गेलेलं भालचंद्र हे नाव त्यानं त्या दिवशी पुरतं घालवलं आणि त्याला त्याची जराही खंत वाटली नाही.

कढई चढली. मी घोटत होतो, दादा शेजारी पाट टाकून बसला होता. वहिनी आणि शालन ओट्याला टेकून तमाशा बघितल्यासारख्या बघत होत्या. दादानं ताटलीत थेंब टाकला आणि ताटली कलती केली. थेंब सावकाश सरकला.

"उतरव," दादा म्हणाला.

"अजून सरकतोय की."

"सरकायलाच पायजे, मुकुंदा. जरा तरी सरकायलाच पायजे." आणि त्यानं स्वतः फडकं घेऊन कढई खाली उतरवली.

कढई आम्ही खरवडली. एक बाजू त्याची, एक माझी. त्यात कुणी मोजमाप केलं नाही. रात्री दादा बरणी मांडीवर घेऊन गाडीत बसला. खिडकीतून त्यानं घराची किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "तुळशीला पाणी घालत जा." तुळशीपाशी जायला दर वेळी रस्त्यावरून वळसा पडायचा, म्हणून मी पुढं झाडाशेजारी भिंत फोडून माणूस जाईल एवढी फट केली. मोजून केली, हे कबूल करतो.

तेव्हापासून दर वर्षी फाल्गुन सरता सरता दादाचा फोन यायचा. हॅलो नाही, कसा आहेस नाही. नुसतं कान फाटेल असं पुकारायचा, "बंगलोर-सासवड बरणी सुटलेली आहे!" मग कुणी ओळखीचा येताना ती घेऊन यायचा. फडकं बांधलेली, लख्ख घासलेली आणि रिकामी. मी ती भरून पाठवायचो. एखाद्या वर्षी जॅम पातळ व्हायचा, एखाद्या वर्षी जळका लागायचा, आणि दादा फोनवरून माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. त्या त्याच्याही पिढ्या आहेत हे मी त्याला सांगायचो.

यंदा फोन आला नाही. माघातच दादा गेला. मी बंगलोरला जाऊन सगळं उरकून आलो. परतताना बरणीची आठवण मला झाली, पण विचारवलं नाही.

अंजिरं पिकली तेव्हा निशिकांत काही कामानं पुण्याला आला होता. तो वाट वाकडी करून घरी आला आणि पिशवीतून बरणी काढून त्यानं माझ्यापुढं ठेवली.

"काका, आईनं दिलीय. म्हणाली, काकांची आहे, पोचती कर."

मी उचलली. जड होती. फडकं सोडलं. आत काठोकाठ साखर.

"रिकामी देऊ नको म्हणाली आई," निशिकांत म्हणाला. "तुमच्याकडची पद्धत आहे ना."

"आहे," मी म्हणालो. "बरोबर केलं वहिनींनी." एवढी वर्षं ती बरणी रिकामी यायची तेव्हा मी दादाला शिव्या द्यायचो. ती भरून आल्याचं बघायला मात्र मी नको होतो.

निशिकांत गेल्यावर मी शिडी लावली. शालननं शिडी धरली. त्याच साखरेत अंजिरं शिजवली. ताटलीत थेंब टाकला, कलती केली, थेंब सावकाश सरकला. उतरवायला हवं होतं ते मला कळत होतं. पण उतरव असं कुणी म्हणालं नाही, आणि मी घोटत राहिलो.

सकाळी बरणीत बघितलं तर दगड. चमचा घातला, चमचा वाकला. शालननं आतून हातोडी आणि पेचकस आणून माझ्या पुढ्यात ठेवलं. मी बरणी घेऊन भिंतीच्या फटीतून पलीकडे गेलो, दादाच्या वट्ट्यावर बसलो आणि फोडायला लागलो.